वाचकांचे प्रश्न : माल्टातली बोर्ग मंडळी

माल्टा हा सिसिलीच्या दक्षिणेला असलेला चिमुकला द्वीपदेश. नर्सिंग, हॉटेल आणि आयटीच्या नोकऱ्यांमुळे आपली बरीच मुलं-मुली हल्ली तिकडे आहेत. त्यांच्याकडून ऐकलेल्या आडनावांबद्दल वाचक विचारू लागले आणि त्यात 'बोर्ग' हे आडनाव सर्वांत जास्त वेळा आलं. निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे देत आहोत.

प्रश्न : माझी भाची माल्टातल्या इस्पितळात नर्स आहे. तिच्या वॉर्डात एक डॉक्टर बोर्ग, सुपरवायझर बोर्ग आणि पेशंटांतही दोन बोर्ग. हे सगळे एकमेकांचे भाऊबंद असतात का? – एक वाचक, नाशिक

बहुतेक वेळा नसतात. २०११ च्या जनगणनेत बोर्ग हे माल्टातलं सर्वाधिक आढळणारं आडनाव होतं. त्याच्या मागोमाग कामिल्लेरी, वेल्ला, फारूजा, झम्मीत ही आडनावं येतात. लोकसंख्येच्या साधारण तीन चतुर्थांश लोकांची आडनावं फक्त शंभरात मावतात. त्यामुळे एका वॉर्डात चार बोर्ग भेटणं म्हणजे आपल्याकडे एका चाळीत चार जाधव भेटण्यासारखंच आहे.

याचं कारण बेटाच्या आकारात आणि इतिहासात आहे. देशाचं क्षेत्रफळ अवघं ३१६ चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईच्या जेमतेम निम्मं. पंधराव्या शतकात या बेटांवर दहा हजारांच्या आसपास वस्ती होती आणि आडनावं तेव्हाच ठरून गेली होती. पुढे माणसं वाढली, पण बाहेरून नवी आडनावं त्या मानानं थोडी आली. ज्या घराण्यांत मुलगे झाले नाहीत त्यांची आडनावं मिटली, आणि उरलेल्यांचा विस्तार होत गेला. शिवाय एकच आडनाव वेगवेगळ्या गावांत स्वतंत्रपणे पडलेलं असू शकतं. सगळ्या बोर्गांचा मूळपुरुष एकच, असं मानायला काही आधार नाही.

आपल्याकडे सगोत्र विवाह टाळण्याची रीत आहे. तिकडे आडनाव एक आहे म्हणून लग्न अडत नाही. बोर्ग मुलगा आणि बोर्ग मुलगी यांचं लग्न सहज होतं. चर्च बघतं ते रक्ताचं नातं. तेराव्या शतकापासून १९१७ पर्यंत कॅथलिक नियमानं चौथ्या पायरीपर्यंतचं नातं वर्ज्य होतं, म्हणजे ज्यांचे खापरपणजोबा एक ते परवानगीशिवाय लग्न करू शकत नव्हते. छोट्या बेटावर असं नातं हमखास निघायचं. मग बिशपकडून सूट घ्यावी लागे आणि ती विवाह नोंदीत 'तिसऱ्या पायरीची सूट दिली' अशा शब्दांत लिहिली जाई. जुन्या नोंदवहीत बोर्ग-बोर्ग विवाह आहे आणि सूट दिल्याचा शेरा नाही, असं दिसलं तर त्या दोन घरांत तरी ज्ञात असं जवळचं नातं नव्हतं.

गावातल्या लोकांना कोण कुठला बोर्ग हे मात्र बरोबर कळतं, कारण प्रत्येक घराला एक 'लाअम' म्हणजे टोपणनाव असतं. ते धंद्यावरून, आजोबांच्या नावावरून किंवा कुणाच्या खोडीवरून पडलेलं असतं. त्यातली काही टोपणनावं चारचौघांत उच्चारण्यासारखी नसतात, तेव्हा भाचीनं ती आपणहून वापरू नयेत.

प्रश्न : 'बोर्ग'चा अर्थ शोधला तर एके ठिकाणी बुरूज, दुसरीकडे दगडांचा ढीग, तिसरीकडे जर्मन किल्ला. यातलं नेमकं कोणतं? – एक वाचक, पुणे

सर्वांत आधी जर्मन किल्ला बाद करू या. ही व्युत्पत्ती माल्टावर राज्य करणाऱ्या सेंट जॉनच्या सरदारांवरून सुचलेली आहे, कारण त्यांच्यात जर्मन सरदारही होते. पण हे सरदार बेटावर आले १५३० मध्ये. त्याच्या शंभर वर्षं आधी, १४१९-२० मध्ये, किनाऱ्यावर रात्रीचा पहारा देणाऱ्या पुरुषांची गाववार यादी झाली होती. या पहाऱ्याला 'देय्मा' म्हणत. माल्टाच्या आडनावांचा अभ्यास आजही या यादीपासून सुरू होतो, आणि बोर्ग मंडळी तिच्यात आहेत. अर्थ कितीही पटण्यासारखा वाटला तरी तारीख जुळत नसेल तर तो सोडून द्यायचा, हा या शास्त्रातला पहिला नियम.

उरले दोन पक्ष. एक म्हणतो, हे सिसिलीतल्या 'बुर्गु' किंवा इटालियन 'बोर्गो'पासून आलं, म्हणजे तटाबाहेरची वस्ती, पेठ. दुसरा म्हणतो, हे माल्टीज भाषेतल्या 'बोर्ज' या शब्दापासून आलं. आजच्या माल्टीजमध्ये बोर्ज म्हणजे रास, ढीग, त्यातही दगडांचा. शेत साफ करताना काढलेले धोंडे बांधाला रचले की तो बोर्ज.

इथे निकाल लावायला लेखनापेक्षा उच्चार जास्त उपयोगी पडतो. रोमन लिपीत हे आडनाव साध्या 'ग'नं लिहितात, पण माल्टीज माणूस ते 'बोर्ग' असं म्हणत नाही. तो 'बोर्ज' म्हणतो, आणि त्या भाषेत शब्दाच्या शेवटचं घोष व्यंजन अघोष होत असल्यामुळे कानाला ते जवळजवळ 'बोर्च' असं ऐकू येतं. आता माल्टातच 'बोर्गो'पासून निश्चितपणे आलेलं एक नाव आहे : बंदरावरचं 'बिर्गु' हे जुनं शहर. तिथे 'ग' कडक राहिला, ज झाला नाही. एकाच बेटावर, एकाच शब्दापासून, एकीकडे 'ग' टिकला आणि दुसरीकडे 'ज' झाला, हे पटायला कठीण आहे. म्हणून आमचा कौल 'बोर्ज'च्या, म्हणजे अरबी वळणाच्या शब्दाच्या बाजूनं आहे. तरी हा कौलच आहे. आडनाव पडलं त्या क्षणाचा कागद कुणाकडेच नाही.

मग बुरूज कुठून आला? माल्टीज भाषा सिसिलीतल्या मध्ययुगीन अरबीतून निघाली, आणि अरबी 'बुर्ज' म्हणजे मनोरा. तोच शब्द फारसीमार्गे आपल्याकडे येऊन रायगडाच्या आणि देवगिरीच्या तटाला 'बुरूज' म्हणून बसला. बहुतेक अभ्यासकांच्या मते अरबीनंही तो ग्रीक 'पिर्गोस'वरून घेतलेला आहे. तेव्हा बुरूज आणि ढीग हे एकाच शब्दाचे दोन अर्थ आहेत, दोन वेगळी मुळं नाहीत. माल्टात त्यातला ढिगाचा अर्थ रूढ झाला.

असं का झालं असावं, हे बेटावरची स्थळनावं पाहिली की लक्षात येतं. दक्षिण किनाऱ्यावर बिर्झेब्बुजा गावाजवळ 'बोर्ज इन-नादूर' नावाची जागा आहे. तिथे प्रागैतिहासिक महाशिलांच्या मंदिराचे अवशेष आहेत आणि कांस्ययुगीन वस्तीची प्रचंड दगडी भिंत उभी आहे. 'नादूर' म्हणजे टेहळणीची उंच जागा. अरबी 'नजर'च्याच मुळातला हा शब्द. माल्टाच्याच गोझो या शेजारच्या बेटावर 'बोर्ज लिम्राम्मा' आहे, तेही असंच महाशिलांचं ठिकाण. मध्ययुगातल्या शेतकऱ्याला ही मंदिरं आहेत हे माहीत असण्याचं कारण नव्हतं. त्याच्या लेखी तो पडक्या बांधकामाचा मोठा ढीग होता. अशा एखाद्या बोर्जाशेजारी घर किंवा शेत असलेला माणूस 'बोर्जाजवळचा' झाला आणि पुढे तेच आडनाव राहिलं, असा क्रम सहज बसतो. आपल्याकडे वडाजवळच्या घराला 'वडके' म्हणतात तसा.

प्रश्न : टेनिसपटू ब्यॉर्न बोर्ग मूळचा माल्टाचा का? – एक वाचक, सांगली

नाही. त्याचं आडनाव स्वीडिश आहे. स्वीडिशमध्येही 'बोर्ग' म्हणजे गढी, किल्ला. स्पेलिंग एक, घराणी वेगळी. स्वीडनमध्ये त्याचा उच्चार 'बोर्य'कडे झुकतो, तेव्हा उच्चारही माल्टाशी जुळत नाही.

प्रश्न : मुलगा माल्टात फ्रंट ऑफिसला आहे. रजिस्टरमधली आडनावं वाचून दाखवताना पाहुणे हसतात म्हणतो. उच्चाराचे काही नियम आहेत का? – एक वाचक, ठाणे

आहेत, आणि ते अर्ध्या तासात पाठ होतात. फक्त एक गोष्ट आधी समजून घ्या. माल्टीज भाषेची स्वतःची वर्णमाला तिथल्या लेखक संघटनेनं १९२४ मध्ये प्रसिद्ध केली आणि १९३४ मध्ये ती अधिकृत झाली. आडनावं त्याच्या कितीतरी आधी पाद्री आणि नोटरी लिहून बसले होते, तेही सिसिलियन-इटालियन वळणानं. भाषेचं लेखन बदललं, आडनावांचं गोठून राहिलं. म्हणून मुलगा माल्टीज अक्षरं शिकला असेल तर तीच आडनावांना लावल्यानं फसतो.

'सी-एच' एकत्र आलं की 'क'. त्यामुळे ग्रेच नव्हे, ग्रेक. फेनेच नव्हे, फेनेक. 'एस-सी-एच'चं 'स्क' : स्केम्ब्री. पण नुसत्या 'सी'पुढे 'आय' किंवा 'ई' आला की 'च' : गाउची, चान्तार. 'एस-सी'पुढे 'आय' आला तर 'श' : शिबेर्रास. 'जे' नेहमी 'य' : कुतायार, बुजेया (यातला 'ज' हा 'जी'चा, 'य' 'जे'चा). 'एक्स' म्हणजे 'श' : श्वेरेब, आणि शेवटचा 'ब' पुन्हा 'प'सारखा. 'अत्सोपार्दी'मध्ये दोन झेडचं 'त्स' होतं. मिकाल्लेफमध्ये 'सी' म्हणजे 'क' आणि 'ल' दोनदा.

जोडाक्षराचा ठसका खाऊ नये. वेल्ला, कामिल्लेरी, मिकाल्लेफ यांत 'ल' खरोखर दुहेरी उच्चारतात. मराठी जिभेला हे अवघड नाही. 'गल्ला' म्हणता येतो तसंच 'वेल्ला'. इंग्रजी वळणानं 'वेला' म्हटलं की माणूस परका ठरतो. पाहुणा ऑस्ट्रेलिया किंवा कॅनडात वाढलेला असेल तर मात्र तो स्वतःच इंग्रजी उच्चार करत असेल. अशा वेळी त्याचं ऐकून तसंच म्हणावं.

प्रश्न : अमेरिकेतल्या राजकारणामुळे 'बुतिजीच' हे आडनाव ऐकलं. ते अरबी आहे म्हणतात. म्हणजे माल्टातले लोक पूर्वी मुसलमान होते का? – एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

बुतिजीचमधला 'बु' म्हणजे अरबी 'अबू'. शब्दशः बाप, पण टोपणनावांत त्याचा अर्थ होतो 'अमुक बाळगणारा'. 'तिजीज' म्हणजे कोंबड्या. तेव्हा बुतिजीच म्हणजे कोंबड्यावाला. याच साच्यात 'बुहाजार' बसतं : 'हाजार' म्हणजे दगड. पण 'बु'नं सुरू होणारं प्रत्येक आडनाव या साच्यातलं नसतं. 'बुजेया' हे अल्जीरियातल्या बेजाया शहराचं नाव आहे, तिथे 'अबू'चा काही संबंध नाही. फारूजाचा संबंधही कोंबडीच्या पिल्लाशी, अरबी 'फर्रूज'शी जोडतात. हे आडनाव सिसिलीतही आहे, आणि माल्टात लुआ गावाजवळ 'हाल फारूज' नावाचं मध्ययुगीन खेडंही होतं. आडनावावरून गाव की गावावरून आडनाव, हे दर वेळी सांगता येत नाही.

धर्माबद्दल. अरबांनी माल्टा घेतलं ८७० मध्ये. ख्रिस्ती नॉर्मन आले १०९१ मध्ये, पण त्यांनी मुस्लीम वस्ती लगेच हटवली नाही. १२४० च्या सुमारास सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकच्या अधिकाऱ्यानं पाठवलेल्या अहवालात मुस्लीम कुटुंबांची नोंद आहे. त्याच काळात मुस्लिमांना बेटं सोडावी लागली; जे राहिले ते ख्रिस्ती होऊन राहिले. त्यानंतर लोक कॅथलिक, पण बोली अरबी वंशाची, अशी जोडी तयार झाली ती आजतागायत आहे. माल्टीज कॅथलिक देवाला 'अल्ला' म्हणतो आणि ईस्टरआधीच्या उपवासाच्या काळाला 'रंदान'. हा शब्द रमजानवरून आलेला आहे.

तरीही अरबी आडनाव म्हणजे मुस्लीम पूर्वज, असं समीकरण मांडू नये. त्या काळात तिथले ख्रिस्ती आणि ज्यूही अरबीच बोलत होते, आणि टोपणनावं बोलीतच पडतात. 'सालिबा' या आडनावाचा अर्थच क्रूस आहे. 'अब्दिल्ला' हे अब्दुल्लाचंच रूप, आणि ते पिढ्यान्‌पिढ्या पक्क्या कॅथलिक घरांत आहे. ज्यूंना १४९२ च्या स्पॅनिश फर्मानामुळे बेट सोडावं लागलं. 'अत्सोपार्दी' हे आडनाव स्पेन-पोर्तुगालकडच्या 'सेफार्दी' ज्यूंशी जोडणारं मत प्रसिद्ध आहे, पण ते मत म्हणूनच घ्यावं. दुसऱ्या टोकाला, फिनिशियन व्यापाऱ्यांपासून आमचं आडनाव आलं असं काही हौशी लोक सांगतात. त्याला अजिबात आधार नाही. बापाकडून मुलाकडे जाणारं आडनाव ही मध्ययुगातली चीज. फिनिशियन त्याच्या दीड-दोन हजार वर्षं आधीचे.

प्रश्न : आमच्या गोव्यात धर्मांतराच्या वेळी पाद्र्याचं किंवा धर्मपित्याचं पोर्तुगीज आडनाव मिळालं. माल्टातही सरदारांनी अशीच आडनावं वाटली का? – एक वाचक, मडगाव

सर्वसाधारण प्रजेच्या बाबतीत नाही. गोव्यात सोळाव्या शतकात आडनाव बदललं, माल्टात ते सरदार येण्यापूर्वीच घट्ट झालेलं होतं. म्हणून गोव्यातल्या कामत-प्रभूंचे डिसोझा-फर्नांडिस झाले तसा प्रकार माल्टात दिसत नाही.

एक गट मात्र तुमच्या उदाहरणाशी तंतोतंत जुळतो : गुलाम. सरदारांच्या काळात भूमध्य समुद्रात पकडलेले तुर्की आणि आफ्रिकी गुलाम माल्टात हजारोंनी होते. त्यांच्यातला कुणी बाप्तिस्मा घेई तेव्हा त्याला नवं नाव आणि बहुधा धर्मपित्याचं किंवा मालकाचं आडनाव मिळे. अशा नोंदी बाप्तिस्म्याच्या वह्यांत आहेत. त्यामुळे एखाद्या भारदस्त सिसिलियन आडनावामागे त्रिपोलीचा गुलाम असू शकतो.

प्रश्न : माल्टाच्या एका पंतप्रधानांचं आडनाव मस्कत होतं. ओमानच्या मस्कतशी संबंध? आणि बुद्धिबळातला कारुआना? – एक वाचक, मुंबई

२०१३ ते २०२० या काळात पंतप्रधान असलेले जोसेफ मस्कत यांच्या आडनावाचा ओमानशी संबंध नाही. ते सिसिली-इटलीतल्या 'मोस्कातो'चं माल्टीज रूप आहे. कारुआना हे माल्टा आणि सिसिली दोन्हीकडचं आडनाव. ग्रँडमास्टर फाबियानो कारुआना इटालियन वंशाचा अमेरिकन आहे. हे आडनाव ट्युनिशियातल्या कैरवान शहराशी जोडतात, आणि तो तर्क वजनदार आहे.

गावावरून पडलेल्या आडनावांबद्दल आपल्याला एक अनुभव आहेच : नागपूरकर नागपुरात शोधू नये, तो नागपूर सोडून गेलेल्याला मिळालेला शिक्का. 'गाउची' म्हणजे गोझो बेटाचा माणूस. गोझोत सगळेच गोझोचे, तिथे असं नाव पाडून उपयोग काय? ते गोझोहून माल्टाच्या मुख्य बेटावर आलेल्यांना पडलं.

प्रश्न : १८७८ मध्ये मुंबईहून हिंदी पलटणी माल्टाला गेल्या होत्या, असं वाचलं. त्यांच्यापैकी कुणाचं आडनाव तिकडे राहिलं का? – एक वाचक, खडकी

रशियाला धाक दाखवायला पंतप्रधान डिझरायलींनी सुमारे ७,००० हिंदी सैनिक मुंबईहून माल्टाला आणवले, हे खरं. ते मे महिन्यात पोहोचले आणि जुलैत त्यांच्यातले काही सायप्रसला हलवले गेले. दोन-अडीच महिन्यांच्या छावणीतून आडनावं रुजत नाहीत. माल्टातली जुनी भारतीय आडनावं आहेत ती सिंधी व्यापाऱ्यांची. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून राजधानी वालेत्तात त्यांची रेशमाची आणि नवलाईच्या वस्तूंची दुकानं होती.

प्रश्न : माझं सासर मेलबर्नमधलं, आडनाव बोर्ग. नवऱ्याचे आजोबा युद्धानंतर माल्टाहून आले. मुलांसाठी वंशावळ करायची आहे. कुठून सुरुवात करू? – एक वाचक, मेलबर्न

माल्टापासून नाही, घरापासून. आजोबांच्या विवाह आणि मृत्यूच्या ऑस्ट्रेलियन दाखल्यांत आई-वडिलांची नावं असतात. ती हाती असल्याशिवाय माल्टात 'जोसेफ बोर्ग' शोधणं म्हणजे वेळ घालवणं. नागरिकत्वाच्या फायली मिळाल्या नाहीत तर घाबरू नका. १९६४ पर्यंत माल्टा ब्रिटिश वसाहत होती, तिथले लोक ब्रिटिश प्रजाजनच असल्यामुळे अनेकांना ऑस्ट्रेलियात तो सोपस्कार करावाच लागला नाही. आजोबांचा पासपोर्ट अर्ज माल्टाच्या राष्ट्रीय दप्तरखान्यात असू शकतो. हा दप्तरखाना राबात गावात, 'सान्तो स्पिरितो' या जुन्या इस्पितळाच्या इमारतीत आहे. त्या अर्जावर फोटो मिळाला तर मुलांना तोच सर्वांत आवडेल.

पुढची पायरी सरकारी जन्म-विवाह-मृत्यू नोंदणी. ती १८६३ पासून आहे. गोझोची नोंदणी वेगळी, तिथल्या व्हिक्टोरिया शहरात. जुन्या नोंदी इटालियनमध्ये आहेत, त्याला बिचकू नका. ठरावीक वीस-पंचवीस शब्दच फिरून फिरून येतात.

१८६३ च्या मागे जायचं तर चर्चच्या वह्या. बऱ्याच गावांत त्या सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत जातात. इथे नवखे लोक बाप्तिस्म्याच्या वहीत शिरतात आणि अडकतात, कारण एकाच गावात एकाच दशकात चार-पाच 'जॉन बोर्ग' जन्मलेले असतात. थोरल्या मुलाला आजोबांचं नाव द्यायची रीत तिकडेही आहे, म्हणून सख्ख्या चुलतभावांची नावं हुबेहूब सारखी निघतात. विवाहाची वही धरा. तिच्यात वर आणि वधू दोघांच्याही आई-वडिलांची नावं आणि गाव असतं. त्या आई-वडिलांचा विवाह साधारण वीस ते चाळीस वर्षं मागे शोधायचा, मग त्यांच्या आई-वडिलांचा. अशी विवाहावरून विवाहावर चढत जाणारी शिडी सहसा मोडत नाही. लग्न बहुधा वधूच्या गावात होई, तेव्हा बोर्गांच्या गावात नोंद सापडली नाही तर मुलीच्या माहेरी पाहा.

वह्या लॅटिनमध्ये आहेत. घरी 'जुझेप्पी' म्हणत असतील तर वहीत 'योसेफ', 'जान्नी'चं 'योआन्नेस', 'विस्तिन'चं 'आउगुस्तिनुस', 'चेन्सु'चं 'विन्सेन्तिउस'. बापाच्या नावाआधी 'क्वोन्दाम' किंवा त्याचं संक्षिप्त रूप असेल तर बाप तेव्हा हयात नव्हता. हा एक शब्द मृत्यूची नोंद शोधायचा कालखंड निम्म्यावर आणतो, म्हणून तो उतरवून घ्यायला विसरू नका. 'आलियास' पुढे घराचं टोपणनाव दिलं असेल तर ते सोन्यासारखं जपा. दोन जॉन बोर्ग वेगळे करायला त्याच्याइतकं कामाचं दुसरं काही नसतं.

वह्यांच्याही मागे जायचं असेल तर वालेत्तातलं नोटरींचं दप्तर. जमिनीचे व्यवहार, हुंडा, मृत्युपत्रं अशी पंधराव्या शतकापासूनची कागदपत्रं तिथे आहेत. पण अक्षर वाचायला शिकावं लागतं; स्थानिक जाणकाराला ठरावीक तासांचे पैसे देणं परवडतं. कुटुंब गोझोचं निघालं तर एक मोठी भिंत आधीच सांगून ठेवतो. १५५१ मध्ये तुर्की आरमारानं गोझोची जवळजवळ सगळी वस्ती, सुमारे ५,००० माणसं, गुलाम करून नेली. बेट पुढे हळूहळू पुन्हा वसलं, त्यात माल्टाहून आणि सिसिलीहून आलेली घरं होती. गोझोतला बोर्ग त्या आधीच्या गोझोकर बोर्गांचाच वंशज आहे, असं गृहीत धरू नका.

प्रश्न : 'बोर्ग ऑलिव्हिएर', 'मिफ्सुद बोन्निची' अशी दोन-दोन आडनावं का? – एक वाचक, कोल्हापूर

जोर्ज बोर्ग ऑलिव्हिएर हे १९६४ मध्ये स्वातंत्र्य मिळालं तेव्हाचे पंतप्रधान. आईकडचं किंवा दुसऱ्या शाखेचं आडनाव जोडलं की गर्दीतून वेगळं होता येतं, हा मुख्य उपयोग. अशी जोडी पुढे एकच आडनाव म्हणून चालते आणि मधे आडवी रेघ सहसा नसते; यादीत ती पहिल्या आडनावाखाली शोधावी. बायका पूर्वी सरसकट नवऱ्याचं आडनाव लावत. १९९३ च्या कायदेबदलानंतर माहेरचं ठेवण्याची किंवा दोन्ही लावण्याची मुभा आहे. नवऱ्याचं आडनाव लावलं की परदेशी वाचक कसे चकतात याचा नमुना म्हणजे युरोपीय संसदेच्या अध्यक्ष रोबेर्ता मेत्सोला. त्या माल्टाच्या, पण 'मेत्सोला' हे नवऱ्याचं फिनलंडमधलं आडनाव. माहेरच्या त्या तेदेस्को त्रिगान्झा.

प्रश्न : वालेत्ताच्या दुकानात बोर्ग घराण्याचं ढालीवरचं चिन्ह फ्रेम करून मिळतं. ते घ्यावं का? – एक वाचक, मेलबर्न

तसं चिन्ह आडनावाला नसतं, विशिष्ट घराण्याला आणि त्याच्या वारसांना असतं. हजारो बोर्गांपैकी कुणा एका शाखेला ते कधीतरी मिळालं असेल, पण तुमच्या मुलांचा त्या शाखेशी संबंध वंशावळीनंच सिद्ध होईल. माल्टात २०१९ पासून अशा चिन्हांची नोंद पाहणारा अधिकृत 'चीफ हेराल्ड' नेमलेला आहे. नवं चिन्हही रीतसर अर्ज करून घेता येतं. दुकानातली फ्रेम भिंतीवर छान दिसते, तेवढ्यासाठी घ्यायला हरकत नाही. वंशावळीच्या फायलीत मात्र तिचा फोटो पुरावा म्हणून लावू नका.